कॉलर कुणाची धरायची?

भोसरी एमआयडीसीतल्या कारखानदारांत सध्या दोन पंथ आहेत. एकांचा देव अकाउंट्सच्या खोलीत, जुन्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यांशेजारी विराजमान असतो. दुसऱ्यांचा देव दिसत नाही, पण दरमहा दक्षिणा बरोबर वसूल करतो. पहिले सगुणोपासक, दुसरे निर्गुणोपासक. वाद एवढाच, की हिशेब, स्टॉक आणि पगारपत्रक आपल्या सर्व्हरवर ठेवायचं की क्लाउडवर?

आधी सगुणाचं दर्शन घेऊ. एक काळा डबा. त्यावर चिकटपट्टीने डकवलेला कागद : ‘कृपया बंद करू नये’. त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात : ‘झाडतानासुद्धा’. या दुसऱ्या ओळीमागे मोठा इतिहास आहे, तो मालकांना जेवणाआधी विचारू नये. खोलीत एसी आहे, पण तो डब्यासाठी. मे महिन्यात सगळा स्टाफ तिथे डबा खायला बसतो, तो निव्वळ योगायोग. बॅकअप? आहे की! रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर घेतात आणि पेनड्राइव्ह सर्व्हरखालच्याच ड्रॉवरमध्ये ठेवतात. उद्या आग लागलीच, तर दोघांना एकमेकांची सोबत.

“एकदा पैसे टाकले, विषय संपला,” असं मालक छाती ठोकून सांगतात. यूपीएसच्या बॅटऱ्या, एसीचं बिल, एएमसी आणि रात्री अकराला फोन उचलणारा कॉम्प्युटरवाला पोरगा हे सगळं ‘किरकोळ खर्च’ या खात्यात जातं. ते खातं कुणी उघडत नाही.

निर्गुणाचा प्रचारक टाय लावून येतो. “सर, चिपळूण आठवा,” असं म्हणून तो २०२१च्या पुराचे फोटो दाखवतो. “तुम्ही फक्त धंदा करा, बाकी आमच्यावर सोडा.” मालक सोडतात. मग बिल येतं : माणशी, महिन्याला, अधिक अठरा टक्के जीएसटी. दिवाळीत नोकरी सोडून गेलेल्या स्टोअरकीपरचा पगार थांबलेला असतो, त्याच्या लॉगिनचा चालूच असतो. डेटा आत भरायला बहुतेक ठिकाणी फुकट, बाहेर काढायला जीबीमागे पैसे. ही अट सहीच्या वेळी कुणी वाचत नाही, कारण ती वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा गाडीत राहिलेला असतो.

आता हा देव राहतो कुठे? मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये क्लाउडचं केंद्र थाटलं ते पुण्यात, अॅमेझॉनने २०१६मध्ये मुंबईत. “आपला डेटा आता जगात कुठेही असेल!” असं मालक लग्नाच्या पंगतीत सांगतात, तेव्हा तो बहुधा एक्स्प्रेसवेच्या या नाहीतर त्या टोकाला असतो. तिथेही शेवटी काळे डबेच, एसीच आणि बॅटऱ्याच. ‘झाडतानासुद्धा’ लिहिलेला कागद तेवढा नसतो.

निर्गुणालाही आग लागते. १० मार्च २०२१ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. काही गिऱ्हाइकांचे बॅकअपही त्याच आवारात होते. भोसरीच्या ड्रॉवरची पद्धत फ्रान्सपर्यंत पोचल्याचा आम्हाला अभिमान आहे. मे २०२४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं बिऱ्हाड पुसलं गेलं. कारण काय, तर वर्षभरापूर्वी गूगलच्याच माणसाने एक रकाना रिकामा सोडला होता. आपल्याकडे रकाना रिकामा राहिला तर तलाठी फॉर्म परत करतो. तलाठ्याची थोरवी अशा वेळी कळते. युनिसुपर सावरली, त्यात मोठा हात होता दुसऱ्याच कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचा. आणि जुलै २०२५मध्ये युरोपीय निर्बंधांचं निमित्त होऊन गुजरातेत रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने थांबवल्या. लायसन्सचे पैसे पूर्ण भरलेत, असं म्हणत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा पुन्हा सुरू झाल्या.

हे ऐकून सगुणवाले खूश. त्यांचे अमेरिकेतले महंत म्हणजे ३७सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीचे डेव्हिड हाइनमायर हॅन्सन. त्यांनी २०२२मध्ये क्लाउड सोडायची घोषणा केली. त्या वर्षी कंपनीचा क्लाउडचा खर्च ३२ लाख डॉलरच्या घरात होता. भोसरीत टाळ्या पडल्या. त्यांनी स्वतःचे सर्व्हर घेतले, पण ठेवले भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये, आणि ते सांभाळायला पगारी जाणकार आधीपासून होते, हे वाक्य टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही.

खरं तर मालकांना तंत्रज्ञानाशी काही देणंघेणं नाही. त्यांचा प्रश्न साधा आहे : बंद पडलं तर कॉलर कुणाची धरायची? ऑफिसातला सर्व्हर झोपला की पोराला हाक जाते. “अरे, करतोस काय तू? पगार कशाचा घेतोस?” पोरगा मान खाली घालून एक वायर काढतो, तीच परत लावतो. सर्व्हर सुरू होवो न होवो, मालकांचं ब्लडप्रेशर उतरतं. क्लाउड झोपला तर? पोर्टलवर तिकीट काढायचं. स्टेटस पेजवर सगळे दिवे हिरवे. चॅटवर एक यंत्र अत्यंत अदबीने दिलगिरी व्यक्त करतं आणि शेवटी तारे मागतं. यंत्रावर ओरडून समाधान होत नाही, मालकांनी प्रयत्न केला आहे. महिन्याची वीस तारीख हुकली, जीएसटीची लेट फी बसली, ती तुमची. करारात लिहिलेली भरपाई म्हणजे पुढच्या बिलात किंचित सूट.

म्हणून भोसरीने सुवर्णमध्य काढला आहे. त्याला ‘हायब्रिड’ म्हणतात. सॉफ्टवेअर क्लाउडवर, जुना डबाही चालू, दोन्हींचं बिल सुरू, आणि पोरगा कायम. तो आता काही करत नाही, फक्त बोलणी खातो.

सरकारनेही यात हात घातला आहे. हिशेब संगणकावर ठेवणाऱ्या कंपन्यांनी बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवायचा, असा नियम २०२२मध्ये झाला. ड्रॉवरही भारतातच आहे, असा मालकांचा युक्तिवाद होता. सीएने तो ऐकून घेतला आणि फी वाढवली.

परवा एका सल्लागाराने दोन्ही पंथांना एकत्र बसवून विचारलं, “बॅकअप परत चढवून कधी पाहिलाय का? उघडतो का तो?” कल्पना सगळ्यांना पसंत पडली. पण धंद्याच्या वेळात सिस्टिम बंद कोण ठेवणार? एकमताने ठरलं, की गुरुवारी कारखान्याला सुट्टी असते, तेव्हा करून टाकू.

गुरुवारी महावितरण दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतं.