श्मिटबुवांचा बोगदा

मोहावीच्या वाळवंटात जुन्या खाणी बघायला एकट्याने निघालेल्या माणसाला सोनं मिळत नाही, उपदेश मात्र मुबलक मिळतो. सरकारी पाट्या बजावतात, की बाहेर राहा, जिवंत राहा. कॅलिफोर्नियात बेवारस खाणी हजारोंनी आहेत आणि त्यांत मरायचे प्रकारही पुष्कळ आहेत. कुजलेल्या फळ्यांनी झाकलेली खोल उभी भोकं, प्राणवायू संपलेली हवा, उन्हाला कंटाळून आत येऊन पडलेला रॅटलस्नेक. शिवाय जुना डायनामाइट. त्याला म्हातारपणी घाम फुटतो आणि तो घाम म्हणजे नायट्रोग्लिसरीन असतं.

सांगलीहून आईने फोनवर विचारलं, "अरे, सोन्याची खाण ना? मग सोनं राहिलंय का तिथे?"

"नाही गं. कधीच संपलं."

"मग बंद पडलेल्या दुकानात कशाला जातोस?"

याला उत्तर नव्हतं. बायकोची मंडळाच्या नाटकाची तालीम होती, त्यामुळे तिने अजिबात विरोध केला नाही. भडंगाचा डबा, पाण्याचे कॅन आणि दोन टॉर्च गाडीत टाकून तिने मला ज्या तत्परतेने निरोप दिला, ती जरा खटकली.

लॉस एंजेलिसहून उत्तरेला हायवे १४ धरला, की मोहावी गावाशी रिकामी विमानं ओळीने उभी दिसतात. कोरड्या हवेत गंज लागत नाही, म्हणून निवृत्त विमानं इथे आणून ठेवतात. पलीकडे कॅलिफोर्निया सिटी. १९५८ साली एका बिल्डरने आखलेलं हे शहर क्षेत्रफळात राज्यात तिसरं आहे. रस्ते आहेत, चौक आहेत, रस्त्यांना नावंही आहेत. फक्त मैलोन् मैल घरं नाहीत. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' अशी जाहिरात वाचून एन. ए. प्लॉट घेतलेल्या कुठल्याही पुणेकराला इथे माहेरी आल्यासारखं वाटेल.

तिथून रँड्सबर्ग. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या रँड भागावरून हे नाव पडलं, आणि तेवढ्याने हौस फिटली नाही म्हणून शेजारच्या गावाला जोहान्सबर्ग म्हणतात. १८९५ मध्ये इथे तिघा भागीदारांना सोनं सापडलं. तिघेही कफल्लक. पण त्यांतल्या बर्चमची बायको, रोझ, ही सॅन बर्नार्डिनोत डॉक्टर होती. तिच्या दवाखान्याच्या कमाईवर हे खोदकाम चाललं होतं. सोनं लागल्याबरोबर गिऱ्हाइकं धावली आणि पुरुषमंडळी विकायला तयारही झाली. डॉक्टरीणबाईंनी नकार दिला, आणि पुढे त्या स्वतः येऊन कारभारात बसल्या. येलो अॅस्टर नावाच्या त्या खाणीने नंतर लाखो डॉलर दिले. रँड्सबर्गमध्ये या बाईंचा पुतळा मला तरी दिसला नाही. आता गावात शंभर माणसंही उरलेली नाहीत, पण जनरल स्टोअरमधला जुना सोडा फाउंटन अजून चालतो. खाणीला कुंपण आहे. खासगी मालमत्ता, आत सोडत नाहीत.

रात्री रिजक्रेस्टला मुक्काम. मोटेलच्या काउंटरवर गुजराती काका निघाले. "एकटेच? आणि खाणी बघायला?" एवढं विचारून त्यांनी भाडं आगाऊ घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी ज्याच्यासाठी आलो होतो, त्या विल्यम श्मिटच्या दारात पोचलो. एल पासो डोंगरांत, लास्ट चान्स कॅन्यनच्या माथ्यावर, गाडीचे सगळे नटबोल्ट मोजून घेणाऱ्या कच्च्या रस्त्याने.

श्मिट ऱ्होड आयलंडचा. भावंडं क्षयाने गेली, म्हणून कोरड्या हवेसाठी हा पश्चिमेला आला आणि त्याने उमेदीची सगळी वर्षं ग्रॅनाइटच्या धुळीत काढली. तरी ऐंशी ओलांडून १९५४ साली गेला. वैद्यकशास्त्राने यातून काय घ्यायचं ते घ्यावं. त्याच्याकडे जॅक आणि जेनी अशी दोन गाढवं होती, म्हणून लोक त्याला 'बरो' श्मिट म्हणत. त्याच्या खाणीतला माल मोहावीकडे न्यायचा तर मधे कॉपर माउंटन आडवा, आणि त्यावरची पायवाट गाढवांच्या जिवावर उठणारी. तेव्हा १९०६ मध्ये श्मिटबुवांनी ठरवलं, की डोंगरातून बोगदा काढायचा. घण, छिन्नी, फावडं आणि थोडा डायनामाइट. पैसे वाचवायला ते वात आखूड कापत आणि पेटवून जिवाच्या आकांताने पळत, असं सांगतात.

मग १९२० साल उजाडलं आणि मोहावीला जाणारा रस्ता झाला. बोगद्याची गरज संपली. आपल्याकडे अशा वेळी अर्धवट बोगद्याला कोनशिला बसवून, आमदारांच्या हस्ते नारळ फोडून सगळे मोकळे झाले असते. श्मिट खोदत राहिला. आणखी अठरा वर्षं. १९३८ मध्ये तो पलीकडे निघाला तेव्हा बोगदा सुमारे दोन हजार फूट झाला होता, म्हणजे सरासरी दिवसाला दोन इंच. मग त्याने तो विकून टाकला. मालाची एकही गाडी त्यातून कधी गेली नाही.

दशरथ मांझींची आठवण येतेच. त्यांनीही बावीस वर्षं एकट्याने डोंगर फोडला, पण त्यांच्या वाटेने गावाचा वळसा वाचला. श्मिटच्या बोगद्याने कोणाचंच काही वाचलं नाही, आणि मला तो त्यामुळेच जास्त आवडतो. कामाचं काम कोणीही करतं.

बोगदा अखंड ग्रॅनाइटमधला, त्यामुळे लाकडाचा एकही टेकू नाही. काही ठिकाणी वाकावं लागतं. छिन्नीच्या खुणा भिंतीवर स्पष्ट दिसतात. मध्यावर मी टॉर्च बंद केला आणि श्मिटच्या मनाचा ठाव घ्यायचा प्रयत्न केला. ठाव लागायच्या आत समोरून दोन टॉर्च आले. सत्तरीचं एक अमेरिकन जोडपं होतं.

"पलीकडे काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही," आजी म्हणाल्या.

"देखावा आहे," आजोबांनी घाईने दुरुस्ती केली. त्यांना इथे आणायची कल्पना कोणाची होती, ते कळलं.

दोघांचंही खरं होतं. बोगदा संपतो तो थेट डोंगराच्या उभ्या उतारावर. खाली फ्रीमाँटचं खोरं, कोहन नावाच्या सुकलेल्या तळ्याचं पांढरं मीठ, आणि खाली उतरायला रस्ता नाही. बत्तीस वर्षं खोदून माणूस जिथे पोचला, तिथून परतच यावं लागतं. मी कड्यावर बसून भडंग खाल्लं आणि आलेल्या वाटेने परत निघालो.

तुम्हाला जायचं असेल तर हिवाळ्यात जा. उंच चाकांची गाडी आणि माणशी दिवसाला गॅलनभर पाणी घ्या. तिकीट नाही, फोनला रेंज नाही. वाटेत दुसरी बरीच भोकं दिसतील. ती कितीही लहान आणि निरुपद्रवी वाटली, तरी एकातही शिरू नका. त्यांचे मालक श्मिटइतके चिकट नव्हते. काम अर्धवट टाकून, वर चार फळ्या ठेवून ते निघून गेलेत.