टोकन आमचं, तारीख तुमची

इंदूरच्या कुठल्याही शोरूममध्ये जाऊन पिकअप बुक करा. टोकनचे पैसे यूपीआयवरून अर्ध्या मिनिटात जातात. पावतीवर तुमचं नाव, पॅन नंबर, मॉडेल, रंग, रक्कम, सगळं छापून येतं. डिलिव्हरीच्या रकान्यात मात्र ‘अंदाजे’ असं लिहून पुढे काही आठवडे टाकलेले असतात. पावती उलटी करून पाहा. मागे बारीक टायपात दोन वाक्यं असतात, आणि ती मी आता बऱ्याच जणांच्या पावत्यांवर वाचली आहेत. किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची लागू राहील. उशिराला कंपनी किंवा विक्रेता जबाबदार राहणार नाही.

माझा आजचा राग या दोन वाक्यांवर आहे.

माझ्या परिचयातले एक गृहस्थ चोइथराम मंडीतून बटाटा-लसूण उचलून धार, झाबुआकडे पोचवतात. गाडी स्वतःच चालवतात, सोबत एक हमाल. जुनी पिकअप त्यांनी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकली, कारण ‘आत्ता भाव चांगला मिळतोय’ म्हणून शोरूमने घाई केली. नवी आलीच नाही. आता रोज पहाटे ते मंडीच्या फाटकावर भाड्याची गाडी शोधत फिरतात. ज्या दिवशी आवक जोरात, नेमकं त्याच दिवशी भाडं चढतं. म्हणजे चार पैसे सुटायचे त्या दिवसाचेही पैसे दुसऱ्याच्या गाडीला. परवा मी शेजारी बसलो असताना त्यांनी शोरूमला फोन लावला. सेल्सचा मुलगा लोकमान्य नगरातला, आपल्यातलाच, म्हणून बोलणं मराठीत झालं.

“हओ काका, गाडी लागली आहे तुमची. बस, निघायचीच आहे.”

“लागली म्हणजे कुठे लागली? चॅसी नंबर सांग ना.”

“नंबर अलॉट झाला की मीच फोन करतो.”

“मागच्या सोमवारीही हेच बोललास तू.”

“काका, वरूनच माल कमी येतोय. सीएनजी घेऊन टाका ना, यार्डात उभी आहे. उद्या नेता येईल.”

काकांनी फोन ठेवला. पोती भरलेली गाडी घेऊन झाबुआच्या चढावर जायचं असेल तर कुठलं इंजिन हवं हे त्यांना शिकवायची गरज नाही. पंप गावोगावी नाहीत, तेही त्यांना ठाऊक आहे. शहरातल्या शहरात दूध किंवा नमकीन वाटणाऱ्याला सीएनजी उत्तमच. पण ज्याने विचार करून डिझेल मागितलं त्याला यार्डात धूळ खाणारी गाडी गळ्यात मारणं ही सेवा नव्हे. आणि त्या मुलावर मी चिडणार नाही. त्याच्याकडे सांगायला तारीखच नाही. ती ज्यांच्याकडे आहे ते फोन उचलत नाहीत.

उशिराची कारणं खोटी आहेत असं माझं म्हणणं नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि साध्या पिकअपच्याही पोटात सेन्सर, कंट्रोल युनिट, धूर गाळणारी यंत्रणा आली. ज्या मेटाडोरवर आपल्या वडिलांची पिढी पोसली तिला एक हुशार मिस्त्री पुरत असे. आजची पिकअप एका चिपवाचून कारखान्याच्या दारात अडकते. 2021 मध्ये हे सगळ्यांनी पाहिलं. त्या सप्टेंबरात महिंद्राने तर सातेक दिवस उत्पादन बंद राहील असं जाहीर करून टाकलं होतं. 2025 च्या एप्रिलमध्ये चीनने दुर्मीळ खनिजांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याचं बंधन घातलं. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर नेदरलँड्सच्या सरकारने नेक्स्पेरिया या चिनी मालकीच्या चिप कंपनीची सूत्रं हातात घेतली, लगेच चीनने तिचा तिथला माल अडवला, आणि जगभरच्या गाडी कारखान्यांची झोप उडाली. दोन सरकारांचं भांडण, आणि त्याची धग कुठल्या कुठे पोचते.

पण माल कमी पडला की आहे तो आधी कुठल्या गाडीत बसवायचा, हे चीन ठरवत नाही. ते कंपनी ठरवते. नफा जिथे जास्त तिथे चिप आधी जाते, आणि पंधरा-वीस लाखांच्या एसयूव्हीपुढे बटाटा वाहणाऱ्या पिकअपची पत किती, ते सांगायला नको. हा धंद्याचा निर्णय आहे. कंपनीने तो खुशाल घ्यावा, पण त्याची किंमत एकाच गाडीवर घर चालवणाऱ्याने का मोजायची?

आणि तो ती मोजतोच. बँकेच्या मंजुरीपत्राची मुदत संपली की कागद पुन्हा, सिबिल पुन्हा, कधी व्याजदरही नवा. गाड्यांचे भाव तर जानेवारी आणि एप्रिल आला की वाढतात, हे आता पंचांगासारखं ठरून गेलं आहे. बुकिंग दिवाळीचं, बिल जानेवारीचं, आणि मधला फरक ग्राहकाच्या खिशातून. ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत’ हे वाक्य माझ्या आठवणीत एकदाच ग्राहकाच्या बाजूने पडलं. 15 ऑगस्ट 2025 ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटी कपातीचं सांगितलं, 3 सप्टेंबरला परिषदेने निर्णय केला, आणि 22 सप्टेंबरपासून मालवाहू गाड्यांवरचा कर 28 वरून 18 टक्के झाला. करापूर्वी आठ लाखांची गाडी असेल तर सरळ ऐंशी हजार वाचले. साहजिकच मधले पाच आठवडे लोकांनी बिलं थांबवली. मग घटस्थापनेच्याच दिवशी नवा दर लागू झाल्यावर दसरा-दिवाळीला अशी झुंबड उडाली की गाड्या आणायला ट्रेलर मिळेनात, असं शोरूमवाले सांगू लागले. विक्रेत्यांचीही त्यात ओढाताण झाली, हे कबूल केलं पाहिजे. जुन्या दराने भरलेला माल अंगावर, आणि त्यावर बँकेचं व्याज चालू.

आता इंदूरकरांच्या जिव्हारी लागणारी गोष्ट. पीथमपूर आपल्यापासून तीसेक किलोमीटरवर. 1980 च्या दशकात फिरोदियांची किनेटिक होंडा स्कूटर तिथून निघाली. 1986 ला मित्सुबिशीच्या साथीने आयशरचे हलके ट्रक तिथेच बनू लागले, आणि आजही आयशरचे ट्रक तिथेच बनतात. आकुर्डीच्या बजाज टेम्पोचा, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सचा, कारखाना तिथे आहे. 2021 मध्ये नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक तिथे सुरू झाला, आशियातला सर्वांत लांब. देशभरच्या गाड्या चाचणीला आपल्या अंगणात येतात. आणि मंडीतल्या माणसाची पिकअप? छोटा हाथी उत्तराखंडातल्या पंतनगरहून, दोस्त तमिळनाडूतल्या होसूरहून, इसुझूची डी-मॅक्स आंध्रातल्या श्रीसिटीहून. महाराष्ट्रातून येणारी गाडी आग्रा रोडने धुळे, सेंधवा करत रातोरात इथे पोचते. रस्ता एका रात्रीचा, प्रतीक्षा महिन्यांची. जानेवारी 2025 मध्ये आयशरने छोट्या मालवाहू गाड्यांत पाऊल टाकलं, तेही आधी विजेवरच्या गाडीने आणि भोपाळजवळच्या कारखान्यातून. चांगलं पाऊल आहे. पण दीडशे-दोनशे किलोमीटरची फेरी मारून त्याच दिवशी परतणाऱ्याला चार्जिंगचा हिशेब जुळेपर्यंत डिझेलच लागणार.

यात राज्य सरकारने आपली एक पाचर मारून ठेवली आहे. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात गाडी घेतली की मोटार करात निम्मी सूट मिळते. 1 मार्च 2024 पासून उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यातही तीच सवलत सुरू झाली, आणि ती कार-मोटरसायकलींबरोबर हलक्या मालवाहू गाड्यांनाही आहे. अट अशी की खरेदी मेळ्यात व्हावी आणि नोंदणी तिथल्याच आरटीओत. म्हणून इंदूरच्या रस्त्यावर एमपी 09 च्या गर्दीत एमपी 13 आणि एमपी 07 च्या इतक्या नव्या पाट्या दिसतात. कारवाला काय करतो? सुटीच्या दिवशी उज्जैनला जातो, स्टॉलवर उभी असलेली गाडी पसंत करतो, महाकालचं दर्शन घेतो, परत येतो. पिकअपवाल्याला तसं जमत नाही, कारण त्याची गाडी स्टॉलवर नसते. त्याला ठरावीक लांबीचा हौदा हवा, ठरावीक इंजिन हवं, कित्येकदा नुसती कॅब-चॅसी घेऊन हौदा इथल्या बॉडी बिल्डरकडून बांधून घ्यायचा असतो. तो मेळ्याच्या पहिल्या दिवशी पैसे भरतो आणि गाडी मेळा उठल्यावर येते. निम्मा कर गेला. उशीर कंपनीचा, दंड त्याला, आणि वसुली सरकारची.

आमच्या घरातल्या जुन्या माणसांना लायसन्स राजची रांग आठवते. बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबणं, परदेशातून डॉलर पाठवणारा नातेवाईक शोधणं. ते दिवस परत यावेत असं कुणालाही वाटणार नाही, मलाही नाही. पण त्या काळात 1959 चा मोटारींच्या आणि 1960 चा स्कूटरच्या वाटप-विक्रीवरचा नियंत्रण आदेश होता, आणि विक्रेत्याला बुकिंगची नोंदवही ठेवावी लागे. अनामत पोस्टाच्या बचत खात्यात राही. आपला नंबर कितवा, हे माणसाला विचारता येई. आज तेवढंही विचारता येत नाही. एकदम दहा गाड्या उचलणारा मागून येऊन पुढे जातो, अशी कुजबूज मंडीत रोज ऐकू येते. ती खरी की खोटी हे तपासायला नोंदवही कुठे आहे?

घराच्या बाबतीत आपण हे सोडवलं. 2016 च्या रेरा कायद्याने बिल्डरला ताब्याची तारीख लिहायला लावली आणि तारीख चुकली तर दर महिन्याला व्याज द्यायला लावलं. बिल्डर मंडळी तेव्हा म्हणत होती की धंदा बुडेल. बुडाला नाही. आठ-दहा लाखांची पिकअप ही त्या कुटुंबासाठी घराइतकीच मोठी खरेदी असते, आणि घर तरी कमवून आणत नाही.

ग्राहक आयोगाचा दरवाजा आहे, आणि तो आपल्याला बंद आहे अशी बऱ्याच जणांची समजूत असते. ‘धंद्यासाठी गाडी घेतली म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही’ असं शोरूममध्ये ऐकवलंही जातं. हे अर्धवट आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्टीकरण आहे: स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी जो वस्तू घेऊन स्वतः वापरतो तो ग्राहक धरला जातो. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच हे उलगडून सांगितलं होतं. गाडी स्वतः चालवणारा, मदतीला एखाद-दुसरा माणूस ठेवणारा, ग्राहकच. गाडी पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती देणारा नव्हे. म्हणजे काका हातात पावती घेऊन जिल्हा आयोगात जाऊ शकतात. जातील का? मंडी पहाटेची, घरी परतायला दुपार, आणि तारखेला दिवसभर बसायचं. त्यांना भरपाईपेक्षा गाडी हवी आहे.

म्हणून ही गोष्ट बुकिंगच्या टेबलावरच सुटली पाहिजे. पावतीवर महिना आणि आठवडा लिहा. चॅसी नंबर कधीपर्यंत मिळेल ते लिहा. तो आठवडा उलटला तर किंमत बुकिंगच्या दिवशीची, कर कमी झाला तर त्याचा फायदा ग्राहकाला, आणि भरलेल्या पैशांवर व्याज. नको असेल तर टोकन पूर्ण परत, आणि तेही ठरलेल्या दिवसांत. जुनी गाडी एक्स्चेंजला घेतली असेल तर नवी दारात आल्यावरच तिच्या चाव्या घ्या. यातलं एकही कलम कंपनीला अशक्य नाही. कारखान्यात कुठला सुटा भाग कुठल्या तासाला येणार याचं वेळापत्रक असतं. गिऱ्हाइकाच्या वाट्याला मात्र ‘अंदाजे’.

परिवहन खात्याला तर नवा कायदाही नको. मेळ्याच्या सवलतीची अधिसूचना दर वर्षी निघतेच. तिच्यात एक ओळ घाला: मेळ्याच्या काळात बुकिंग झालं आणि पैसे बँकेतून भरल्याचा पुरावा असेल, तर हलक्या मालवाहू गाडीला सवलत बुकिंगच्या तारखेने मिळेल, नोंदणी मागाहून झाली तरी. पुढची अधिसूचना निघायच्या आत ही ओळ भोपाळच्या टेबलावर पोचायला हवी, आणि ती तिथे नेऊन ठेवण्याचं काम इंदूरच्या आमदारांचं आहे.