कललेलं देऊळ, ताठ चित्र

काशीला गेलं की आवडीचं काहीतरी सोडून यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. आमच्या मावशीनं कारलं सोडलं. कारलं तिला मुळीच आवडत नसे, पण विश्वेश्वर काही घरी येऊन चौकशी करणार नव्हता. मी मात्र सोडायला नव्हे, गंगा कॅनव्हासवर घालून आणायला निघालो होतो. निवृत्तीनंतर सहा महिने तैलरंगांचा क्लास केला होता; एवढ्या शिदोरीवर माणूस काहीही करायला धजतो. पिशवीत जवसाच्या तेलाची बाटली पाहून बायकोला वाटलं, मी चटणीत लक्ष घालू लागलो.

जागा निवडली शिंदे घाट. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेला, म्हणजे आपल्याच माणसांचा. शेजारी पाण्याच्या काठी एका अंगावर कललेलं रत्नेश्वराचं देऊळ. कुणा मुलानं ते बांधून ‘आईचं ऋण फेडलं’ अशी बढाई मारली आणि देऊळ कललं, अशी गोष्ट सांगतात.

गंगा इथे उत्तरेकडे वाहते आणि घाट सगळे पश्चिम काठावर. त्यामुळे सकाळचं ऊन पलीकडच्या वाळूवरून थेट घाटांच्या तोंडावर येतं. ते पकडायचं तर सूर्याकडे पाठ करून नावेत बसायला हवं. बसलो. केशरी रंग कालवेपर्यंत ऊन पिवळं झालं, पिवळा कालवेपर्यंत पांढरं. पांढऱ्याची ट्यूब उघडली तेवढ्यात नाव फिरली आणि समोर घाटाऐवजी वाळू आली.

तैलरंगांचा नियम असा, की खालचे थर टर्पेंटाइननं पातळ करायचे आणि तेल वरच्या थरांत वाढवत न्यायचं. उलट केलं तर वरचा थर आधी सुकतो आणि त्याला तडे जातात. मी उत्साहाच्या भरात पहिल्याच हाताला तेल ओतलं. त्यात ओल्यावर ओला रंग घासत गेलो. निळा, केशरी, पिवळा मिळून जे झालं, त्याला रंग म्हणणं धाडसाचं होतं. नावाडी वाकून म्हणाला, “बाबूजी, बाढ़ का पानी बढ़िया बना है. पर बाढ़ में तो ये मंदिर डूब जाता है.”

१९६० साली रामकुमार आणि हुसेन इथे चित्रं काढायला आले होते. रामकुमारांच्या काशीत माणसं दिसत नाहीत. माझ्याही चित्रात नाहीत. त्यांचा एकांत होता. मला हात काढता येत नाहीत.

चित्रात पायऱ्या घसरल्या होत्या, छत्र्या लवंडल्या होत्या, नाव तर बुडायच्या बेतात होती. ताठ उभा होता तो फक्त रत्नेश्वर. सहा महिने ‘उभी रेघ सरळ हवी’ असं घोकलेलं नेमकं तिथेच कामी आलं.

तैलरंग काही एका दिवसात सुकत नाही. परतताना महानगरी एक्स्प्रेसमध्ये कॅनव्हास वरच्या बर्थवर ठेवला, पहाटे बायकोची शाल त्याच्यावर घसरली. उचलून पाहिलं तर अर्धी गंगा शालीवर. आणि काय सांगू, शालीवर उमटलेलं देऊळ मात्र अगदी हवं तसं कललेलं!

शालीकडे बघत बायको थंडपणे म्हणाली, “मग, काशीत काय सोडलंत? चित्रकला ना?”

“छे,” मी म्हटलं, “कारलं.”