गुरुजींच्या ब्रेकला तेल

माझ्या मोटारसायकलचा मागचा ब्रेक वाजायचा. नुसतं 'वाजायचा' म्हणणं म्हणजे महाशिवरात्रीला औंढा नागनाथला थोडी वर्दळ असते म्हणण्यापैकी आहे. साखऱ्यात हॉटेलापुढं पाय दाबला की आवाज गावाच्या दुसऱ्या टोकाला आमच्या घरात जायचा आणि बायको चहाचं आधण ठेवायची. शेजारच्या गावात माझी जिल्हा परिषदेची शाळा. तिथं वळणावर ब्रेक लागला की वर्गातून पाढे सुरू व्हायचे. मी फाटकाशी गाडी स्टँडला लावेपर्यंत पोरं "सतरा पाचे पंच्याऐंशी"पर्यंत आलेली असायची. अंगावर मूठभर मांस चढायचं. गुरुजी नसतानाही माझा वर्ग अभ्यास करतो, असं मी केंद्रप्रमुखांना दोनदा तरी ऐकवलं होतं.

तरी त्या आवाजाची लाज वाटायची. सेनगावकडं एका मयतीला गेलो होतो. रडारड ओसरली होती, माणसं तंबाखू मळत वाट बघत होती, तेवढ्यात मी पोचलो. ब्रेक ऐकून एका म्हातारीला वाटलं, नात्यातलं कुणी लांबून रडतच आलं. तिनं पुन्हा हंबरडा फोडला. तिचं बघून बाकीच्या बायकांनी. मी मयताचा कोण लागतो याची चौकशी दहाव्यापर्यंत चालू होती.

हॉटेलात सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं पाणी मारा, कुणी म्हणालं गाडी विका. मिस्तरी तेवढा कामाचं बोलला. "गुरुजी, लायनर काचावल्यात. चाक काढून ड्रम साफ करावा लागल. ठेवून जावा गाडी." पण गाडी ठेवली तर शाळेत कशानं जायचं? आणि मुख्य म्हणजे, विज्ञान शिकवणाऱ्या माणसानं ब्रेकसाठी पैसे मोजायचे? मी वाचायला बसलो.

वाचून पक्कं समजलं, हे आधी नोंदवून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कुणाचा विश्वास बसणार नाही. मागच्या चाकाच्या मधोमध ड्रम असतो. त्याच्या आत दोन अर्धगोल शू, शूवर चिकटवलेले लायनर. पॅडल दाबलं की रॉड ओढला जातो, कॅम फिरतो, शू फाकतात आणि ड्रमला आतून घासून चाक धरतात. आता आमच्या काळ्या मातीचा फुफाटा आणि लायनरची स्वतःची भुकटी त्या डब्यात साठते. लायनरचा वरचा थर तापून तापून गुळगुळीत होतो, चकाकतो. मग शू ड्रमला सलग धरत नाही. धरतो, सुटतो, पुन्हा धरतो, पुन्हा सुटतो, आणि हे सेकंदात हजाराच्या वर वेळा. त्या थरथरीनं ड्रम ओरडतो.

हे दुखणं जुनं आहे हे वाचून तर फार बरं वाटलं. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंजिनिअरनं १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याच्या धातूच्या चकतीला तांब्याचे तुकडे घासायचे आणि असा चीत्कार उठायचा की विचारू नका. हर्बर्ट फ्रूडनं त्या तुकड्यांना ॲस्बेस्टॉसचं अस्तर लावलं तेव्हा कुठं तो आवाज आटोक्यात आला. हा फ्रूड मुळात गाडीवानांमुळं या धंद्यात पडला. डोंगराळ भागात उतारावर घोडागाडी आवरायला गाडीवान लाकडी ब्रेकवर जुन्या बुटांचं चामडं ठोकायचे. ते बघून त्यानं चांगलं अस्तर शोधायला घेतलं आणि १८९७ साली कारखाना काढला. बुटाची गोष्ट लक्षात ठेवा. पुढं माझ्या कामाला आली.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मी ब्रेकला तेल घातलं.

दार करकरलं तेल, रहाट करकरला तेल, बाज करकरली तरी तेल. घर्षण कमी केलं की आवाज कमी होतो, हे मी दरसाल फळ्यावर लिहितो. ब्रेकचं पोटच घर्षणावर आहे, हे माझ्या वाचनात येऊन गेलं होतं, पण डोक्यात उतरलं नव्हतं.

रविवारी सकाळी बायकोच्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन अंगणात बसलो. शेजारचे आबा आले.

"काय करायलेत गुरुजी?"

"सर्व्हिसिंग."

"मिस्तरी कामून नाही बोलावला?"

"साधं काम आहे आबा."

आबा घरात गेले आणि बाज बाहेर आणून तिच्यावर बसले. साधं काम बघायला हळूहळू बाजेवर जागा उरली नाही. मी ड्रम आणि प्लेटच्या फटीत बाटलीची चोच खुपसली आणि दाबली. तेल सगळीकडं नीट लागावं म्हणून चाक हातानं गरागरा फिरवलं. पुन्हा दाबली. अर्धवट काम मला आवडत नाही, ते इथं नडलं.

गाडी काढली. हॉटेलापुढं हळूच पाय दाबला. आवाज नाही! गाडी विशेष थांबलीही नाही, पण वेगच कमी होता, म्हणून तिकडं लक्ष गेलं नाही. मागं वळून आबांना हात केला आणि ओढ्याच्या उताराला लागलो. उताराच्या मध्यावर पुन्हा पाय दाबला. पॅडल खाली गेलं, शू फाकले असतील, ड्रमला टेकले असतील, आणि तेलावरून सुखानं घसरत राहिले असतील. गाडी आपली पळत होती.

पुढचा ब्रेक होता की, असं कुणी म्हणेल. पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर पडतो, अशी आमच्या वडिलांची शिकवण. खरं म्हणजे थांबताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबवायचं जास्त काम तोच ब्रेक करतो. पण वापरलाच नाही, त्यामुळं माझी केबल गंजून जागेवर बसली होती. एप्रिल २०१९ पासून लहान इंजिनाच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडून देणं सक्तीचं झालं, मागचा दाबला की पुढचाही लागतो. सरकारला माझ्या वडिलांसारखे पुष्कळ लोक ठाऊक असावेत. माझी गाडी त्या नियमाच्या आधीची. गिअर पाडायचं सुचलं नाही. "सरका, सरका" ओरडायचं तेवढं सुचलं. आणि मग मी फ्रूडसाहेबाच्याही मागच्या काळात गेलो. दोन्ही पाय खाली सोडले. चपलांचे अंगठे तुटले, टाचा झिजल्या, गाडी थांबेना.

दिवस फाल्गुनाचे. उताराच्या खाली मोकळ्या जागेत शिजवलेली हळद वाळत घातलेली. ओली, गरम, गोल गोल हळकुंडं चाकाखाली गेली आणि गाडी आडवी झाली. मी बराच वेळ हळदीतच घसरत होतो.

हळदीची मालकीण काकू धावत आली. "लागलं का हो गुरुजी?"

"नाही, नाही."

"मंग उठा की. माल तुडवायलेत."

वसमत हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जिल्ह्याच्या या मालाचा रंग किती पक्का असतो, याचा दाखला हवा असेल तर माझी पॅन्ट मी हिंगोलीच्या मार्केट यार्डात टांगायला तयार आहे. गाडी ढकलत गावातून आलो. आबा बाजेवरच होते, म्हणाले, "बेस झालं साधं काम." बायकोनं दारात मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, "नवरी कोण म्हणे?" एवढंच विचारलं आणि आत गेली.

मिस्तरीनं चाक काढलं. तेल प्यालेले लायनर पुन्हा कामाचे राहत नाहीत, नवे घालावे लागले. ड्रम पेट्रोलनं धुतला, पॉलिश पेपर मारला, पुढची केबल बदलली. काम करता करता त्यानं विचारलं, "तेल कुणी घातलं?"

"पोरांनी घातलं असेल," मी म्हणालो.

त्यानं लायनर नाकाशी नेला. "मशीनचं तेल घातलं पोरांनी," तो म्हणाला आणि पुढं काही बोलला नाही.

ब्रेक आता लागत होता आणि वाजत नव्हता. घरी आलो तर चहा नाही. बायको बहिणीला फोनवर हळदीचा प्रसंग सांगत होती, आणि मी घसरलो होतो त्याच्या दुप्पट तिनं मला घसरवलं होतं. ते एक वेळ चाललं असतं. सोमवारी शाळेत गेलो. वळण आलं, फाटक आलं, पाढे नाहीत. खिडकीतून बघितलं तर एक पोरगं काखेत डस्टर मारून, पोट पुढं काढून वर्गात शिरत होतं. दारात त्यानं उजवा पाय दाबला आणि तोंडानं "कुईईई" केलं. सगळा वर्ग ओरडला, "सतरा एके सतरा!" "सतरा पाचे पंच्याऐंशी"ला त्यानं हात वर केला, वर्ग गप्प. मग माझ्याच आवाजात, मान डोलवत, "शाब्बास!"

मी आत जाऊन पुढचं विचारलं. सतरा सक? कुणाला येईना. कसं येणार? वळणापासून फाटकापर्यंत पाढा पाचापर्यंतच पोचायचा, त्याच्या पुढं कधी गरजच पडली नव्हती.

संध्याकाळी मिस्तरीकडं गेलो. म्हणालो, आवाज पुन्हा चालू करता येईल का?

"ब्रेक बंद करायचा की आवाज चालू?"

"आवाज. ब्रेक राहू दे."

त्यानं हात पुसले. "नवे लायनर हायेत गुरुजी. आता पावसाळा गेल्याशिवाय काही वाजत नाहीत."

"काहीतरी करा की लवकर."

"माझ्याच्यानं नाही व्हायचं," तो म्हणाला. "त्या पोरांलाच सांगून बघा. तुमच्या गाडीचं काम त्यांलाच चांगलं जमतं."