दोनशेतीस

आमच्या सोसायटीत त्यांना नावाने कोणी ओळखत नाही. दारावर पितळी पाटी आहे. पण वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे त्यांना ‘दोनशेतीस’च म्हणतात. हा त्यांच्या फ्लॅटचा नंबर नव्हे, रक्तातली साखरही नव्हे. त्यांच्या मोटरसायकलचं पोट जमिनीपासून जेवढं वर आहे, ते मिलिमीटरमध्ये मोजलं की २३० भरतं. याला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात, हे आमच्या बिल्डिंगमधल्या बालवाडीतल्या पोरांनाही माहीत आहे.

असा एक तुमच्याकडेही असणारच. रविवारी पहाटे साडेपाचला पार्किंगमध्ये इंजिन ‘गरम’ करतो, तोच. त्यामुळे रंगरूप सांगत बसत नाही, थेट गाडीवर येतो. नाहीतरी तेही नमस्कार झाला की थेट गाडीवरच येतात.

गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन. डांबरी रस्त्यावरून लांबच्या सफरीला जायचं आणि डांबर संपलं तरी थांबायचं नाही, अशा दुहेरी कामाची. २०१६ साली पहिली आली ती ४११ सीसीची. ती त्यांनी घेतलीच होती. तिचा ग्राउंड क्लिअरन्स २२० होता, म्हणून तेव्हा आम्ही त्यांना ‘दोनशेवीस’ म्हणायचो. २०२३ च्या नोव्हेंबरात नवी हिमालयन बाजारात आली आणि त्यांना बढती मिळाली.

नव्या गाडीत बदल पुष्कळ झालेत. इंजिन ४५२ सीसीचं, पाण्याने थंड होणारं. ताकद चोवीस अश्वशक्तीच्या आसपास होती ती चाळीसवर गेली. गिअर पाचाचे सहा झाले, टाकी पंधरा लिटरची सतरा झाली, समोरच्या गोल पडद्यावर नकाशा दिसायला लागला. यातलं एक अक्षरही मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. गाडी घरी आली त्या दिवशी पेढा हातावर ठेवत ते एवढंच म्हणाले, “दहा मिलिमीटर वाढले!”

शोरूमचीच किंमत पावणेतीन लाखांच्या आसपास होती. वहिनींनी तिथल्या तिथे भागाकार केला. “म्हणजे मिलिमीटरला सत्तावीस हजार पडले. ह्यापेक्षा सोनं परवडलं असतं.”

त्यांच्या खिशात रुमाल नसेल, पण टेप असते. गतिरोधक आला की ते गाडी बाजूला लावतात, उतरतात, मोजतात आणि २३० मधून वजाबाकी करून निकाल जाहीर करतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाने गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच असावा. “शंभर. शिल्लक एकशेतीस.” आमच्या गल्लीतला गतिरोधक मात्र कोणा कार्यकर्त्याच्या प्रतिभेतून उतरलेला आहे. तिथे टेप लावून ते थोडा वेळ गप्प राहिले, मग आदराने म्हणाले, “एकशेसाठ! शिल्लक सत्तर.”

मोजणी झाली की पार करण्याचा सोहळा. यात ते गाडीवर उभे राहतात. यामागे शास्त्र आहे आणि ते खरंही आहे. खडबडीत वाटेवर पाय ठेवायच्या दांड्यांवर उभं राहायचं, गुडघे-कोपरं सैल सोडायची, म्हणजे गाडी खालच्या खाली उडते आणि माणूस तोल सांभाळतो. पण हे शास्त्र स्पितीच्या दगडधोंड्यांसाठी आहे. तळमजल्यावरच्या आजींनी कमिटीकडे लेखी तक्रार दिली, की आपण गॅलरीत कपडे वाळत घालत असताना रोज संध्याकाळी एक हेल्मेट कठड्यापलीकडून सरकत जातं.

भाच्याच्या लग्नात आहेर द्यायला स्टेजवर चढताना ते पहिल्याच पायरीशी वाकले. मागच्या रांगेला वाटलं, मामा भावुक झाले. मामा म्हणाले, “एकशेऐंशी. शिल्लक पन्नास.” एकदा आम्ही दोघं एका घरी समाचाराला गेलो होतो. घरात माणसं गप्प बसलेली, कोपऱ्यात समई. दोनशेतीस खरोखर हळहळले, त्यांचे डोळेही ओले झाले. निघताना दारात चप्पल घालता घालता माझ्या कानाशी आले. मला वाटलं, गेलेल्या माणसाची काही आठवण सांगतायत. “उंबरठा पंच्याण्णव,” ते पुटपुटले. “शिल्लक एकशेपस्तीस.”

जमिनीपासून एवढं वर राहायचं तर त्याची वसुली दुसऱ्या टोकाला होते. गाडीची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे आणि दोनशेतीस पाच फूट चार इंचांवर. सिग्नलला ते नेहमी डिव्हायडरच्या कडेने थांबतात, कारण डाव्या पायाला जमीन सापडत नाही आणि उजव्याला डिव्हायडर सापडतो. पार्किंगमध्ये डिव्हायडर नाही. तिथे एकदा त्यांचा अंगठा नेमका खळग्यात गेला आणि १९६ किलोंची गाडी स्वारासकट आडवी झाली.

“ऑफरोडला पडणं हा खेळाचाच भाग आहे,” ते जमिनीवरून म्हणाले.

“साहेब, हे पार्किंग आहे,” वॉचमन म्हणाला.

आधी फोटो झाला. मग पडल्या पडल्याच त्यांनी आम्हाला गाडी उचलण्याचं तंत्र समजावलं. पाठ गाडीकडे करायची, हँडल पूर्ण वळवायचं, गुडघे वाकवायचे आणि जोर कंबरेने नव्हे, मांड्यांनी लावायचा. तेवढ्यात दूधवाला आला. त्याने किटल्या खाली ठेवल्या आणि वॉचमनच्या मदतीने, कसलंही तंत्र न वापरता, गाडी उभी केली. दोनशेतिसांनी कपडे झटकत त्याच्या जुन्या शंभर सीसीच्या गाडीकडे पाहिलं. “हिचा ग्राउंड क्लिअरन्स किती रे?”

“म्हाईत नाही, साहेब,” तो किटल्या अडकवत म्हणाला. “रोज डोणजे गावाहून येतो.”

त्यांचा खरा वैरी म्हणजे डांबर. जुन्या हिमालयनवर ते २०२२ मध्ये लडाखला गेले. वाटेतल्या रोहतांग खिंडीच्या चिखलासाठी त्यांनी इथे महिनाभर नदीपात्रात तालीम केली होती. पण २०२० च्या ऑक्टोबरपासून अटल बोगदा सुरू आहे. रोहतांगच्या पोटातून नऊ किलोमीटर सरळ, गुळगुळीत. “शिल्लक दोनशेवीस,” त्यांचा खिन्न निरोप आला. “सगळेच.” मग त्यांनी उमलिंग ला खिंडीची आशा धरली. १९,०२४ फूट! विमानातल्या माणसालाही दम लागावा अशी उंची. तिथे सीमा सडक संघटनेने आधीच डांबरी रस्ता नेऊन ठेवला होता आणि जगातला सर्वांत उंच गाडीरस्ता म्हणून २०२१ मध्ये त्याची गिनीजच्या पुस्तकात नोंदही झाली होती. तिथला त्यांचा फोटो माझ्याकडे आहे. मागे उघडे डोंगर, बाजूला फलक, खाली डांबर आणि मधे सुतकी चेहरा.

नवी गाडी आल्यावर ते वेल्ह्याच्या बाजूला कच्च्या वाटा शोधत हिंडायला लागले. एका वाडीत त्यांनी एका म्हातारीला विचारलं, “आजी, इकडे खराब रस्ता कुठे मिळेल?” म्हातारीने त्यांना आधी पाणी दिलं. मग अभिमानाने दारापर्यंत आलेला काँक्रीटचा रस्ता दाखवला. आता बाळंतिणीला झोळीत घालून न्यावं लागत नाही, दारात गाडी येते, म्हणाली. दोनशेतीस त्या दिवशी टेप न काढता परत आले. ज्याच्या दारात रस्ता नव्हता त्याने पिढ्यानपिढ्या अर्ज करायचे आणि रस्ता आला की शहरातून पावणेतीन लाखांची गाडी घेऊन कोणीतरी खड्डे विचारत यायचं, हे त्यांनाही लागलं असावं.

नशीब बघा, परत आले तर ते शोधत होते ते सगळं सोसायटीच्या फाटकाशी हजर! आमचा रस्ता आधी पाण्याच्या पाइपसाठी खणला, बुजवला. मग ड्रेनेजसाठी खणला, बुजवला. आता केबलसाठी खणलाय, आणि बुजवणाऱ्याचं टेंडर वेगळं आहे. मातीच्या ढिगाऱ्यावरून उतरताना इंजिनखालची संरक्षक पाटी खर्र करून घासली, तेव्हा दोनशेतीस धावत माझ्या दारात आले. चेहरा नुसता फुललेला. “वजा दहा! आयुष्यात पहिल्यांदा शिल्लक वजा!”

मला त्यांचा राग येत असे, आणि तो मी जपूनही ठेवला असता. पण गेल्या पावसाळ्यात लाइट गेली, लिफ्ट बंद पडली आणि जिन्यात बसल्या बसल्या ते भलत्याच गाडीबद्दल बोलायला लागले. त्यांचे वडील पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांच्याकडे लुना होती. पन्नास सीसीची, सपाटीला इंजिनावर आणि चढाला पायडल मारून. (खरी दुहेरी कामाची गाडी हीच, असं माझ्या मनात आलं. बोललो नाही.) शाळेच्या वाटेवर एक ओढा होता. पावसाळ्यात लुना बरोबर मधल्या दगडावर टेकायची. मास्तर धोतर खोचून उतरायचे, पोराला खांद्यावर घ्यायचे आणि एका हाताने गाडी रेटायचे. एकदा सहामाहीचे पेपर वाहून गेले. “बाबा दर वेळी एकच म्हणायचे,” दोनशेतीस म्हणाले. “अजून चार बोटं वर असती ना, निघाली असती.”

मास्तर निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी ओढ्यावर साकव झाला.

नवी गाडी घेतल्यावर दिवाळीत दोनशेतीस गावी गेले, तेव्हा साकवावरून न जाता गाडी खाली पात्रात उतरवली. तो दगड अजून तिथेच होता.

“शिल्लक?” मी विचारलं. हा प्रश्न मी त्यांना आपणहून विचारीन असं मला कधी वाटलं नव्हतं.

“भरपूर,” ते म्हणाले. आकडा सांगितला नाही.

तेव्हा वाचकहो, अशी गाडी घ्यायची मनात असेल तर घ्या. पण घराचे हप्ते, पोरांच्या फिया आणि मुलीचं लग्न उरकेपर्यंत थांबू नका. आमचे दोनशेतीस थांबले. सीट ८२५ मिलिमीटरवर आहे, आणि पन्नाशीनंतरच्या गुडघ्यांसाठी अजून कुठलीही ग्रामसडक योजना निघालेली नाही.