बारमधले शिकारी

अमेरिकेतल्या बारमध्ये एका कोपऱ्यात हमखास एक रान असतं. ‘बिग बक हंटर’ नावाचं हे यंत्र 2000 साली आलं आणि बसल्या जागी वाघ मारणाऱ्यांची सोय झाली. फक्त इथे बसायच्या जागी उभं राहायचं आणि वाघाच्या जागी हरीण. एक नारिंगी बंदूक, एक हिरवी. पैसे टाकायचे, पडद्यावर शिंगवाले नर उधळले की प्लास्टिकचा दस्ता खट्कन मागेपुढे ओढायचा आणि चाप दाबायचा. खरा शिकारी पहाटेच्या थंडीत मचाणावर तासन्‌तास गारठतो, आणि पुष्कळदा रिकाम्या हाताने परततो. इथे हरणं जणू वेळ ठरवून येतात, पावसाळी चिखल नाही, परवाना नाही, मेलेलं धूड ओढायचं नाही. नेम चुकला तर दोष बंदुकीचा, लागला तर आपला!

या खेळाला नीतिमत्ताही आहे बरं का. मादीला गोळी लागली की तो डाव तिथेच संपतो. दोन ग्लास रिचवलेला गडीही अशा वेळी बोट आवरतो. संयम शिकायला माणसं कुठे जातील, सांगता येत नाही. 2008पासून तर याची जागतिक स्पर्धाही भरते.

हसा खुशाल. पण बंदूक चालवायची खाज असलेल्यांनी ती इथेच भागवावी. जगातल्या सगळ्या शिकारींत हीच एक अशी आहे, जिच्यात हरीण पुढच्या नाण्याला पुन्हा जिवंत होतं.