टॅक्सीवाला परराष्ट्रमंत्री

"अगं, टॅक्सी चालवायचा तो! फ्रँकफुर्टच्या रस्त्यांवर. आणि पुढे जर्मनीचा परराष्ट्रमंत्री झाला."

काकू लेकीकडून नुकत्याच परतल्यात. तिकडची चॉकलेटं वाटून संपली, योश्का फिशर काही संपत नाही. कुंड्यांना पाणी घालता घालता त्या कंपाउंडच्या भिंतीला टेकल्या, तेव्हाच मी आत जाऊन गॅस बारीक करून आले.

"ग्रीन पार्टीवाला ना तो?"

"तोच. 1998 ते 2005 परराष्ट्रमंत्री आणि उपचॅन्सेलरही. शिक्षण विचारशील तर शाळा अर्धवट सोडलेली. फोटोग्राफरकडे उमेदवारी केली, तीही सोडली. बाप खाटीक. घराणं हंगेरीतल्या जर्मनांचं, युद्धानंतर तिथून हाकललेलं. आणि विशी गाठायच्या आत पळून जाऊन लग्न! तेव्हा तिकडे एकविसाव्या वर्षी सज्ञान धरायचे, म्हणून दोघं गेले स्कॉटलंडला. ग्रेटना ग्रीन नावाचं गाव आहे, तिथे आईबापांची सही लागायची नाही."

"म्हणजे त्यांची आळंदीच म्हणा!"

"आळंदीच! पुढे आणखी चार वेळा बोहल्यावर चढला, ते वेगळंच. तर 1968 साली हे ध्यान फ्रँकफुर्टला आलं. क्रांती करायची म्हणून ओपेलच्या कारखान्यात कामगार म्हणून शिरला. कामगारांनी काही क्रांती केली नाही, कंपनीने मात्र याला काढून टाकलं. मग रस्त्यावरच्या मारामाऱ्या. 1973 मधला फोटो आहे, डोक्यावर हेल्मेट घालून पोलिसाला बडवतोय. तो फोटो गाजला कधी? 2001 मध्ये, साहेब परराष्ट्रमंत्री असताना!"

"मग? राजीनामा?"

"छे! त्या पोलिसाची माफी मागितली, संसदेत उत्तरं दिली आणि खुर्चीत राहिला. टॅक्सी या दोन्हींच्या मधली, 1976 ते 1981. त्या सीटवर बसून माणसं कळली, असं तो सांगतो. माझा विश्वास बसतो बाई. आपले रिक्षावाले बघ, सगळ्यांचा हिशोब त्यांच्याकडे असतो."

"पण ग्रीन पार्टीत शिरला कसा?"

"पार्टी 1980 साली कार्ल्सरूहमध्ये स्थापन झाली. अणुभट्टीला विरोध करणारे, शांततावाले, स्त्रीमुक्तीवाले, शेतकरी, सगळी खिचडी. अधिवेशनात पुरुषमाणसंसुद्धा लोकर-सुया घेऊन विणत बसायची. हा दोन वर्षांनी आला. 1983 ला त्यांना 5.6 टक्के मतं पडली आणि 27 जण खासदार!"

"साडेपाच टक्क्यांत? आपल्याकडे डिपॉझिट जातं."

"तेच तर! तिकडे मतांच्या प्रमाणात जागा मिळतात, फक्त 5 टक्क्यांची पायरी चढायची. जैतापूरला अणुप्रकल्पाविरुद्ध एवढं आंदोलन झालं, पण आंदोलनकर्ते आंदोलनकर्तेच राहिले. तिकडचे थेट सभागृहात, हातात कुंड्या घेऊन. आणि आपल्या पठ्ठ्याने 1984 मध्ये काय करावं? सभापतींच्या खुर्चीवर बसलेल्या उपाध्यक्षांना म्हणाला, आपली परवानगी असेल तर, अध्यक्षमहाराज, तुम्ही…"

"तुम्ही काय?"

"ते नाही सांगायची. पलीकडे पोरं खेळतायत."

मी भिंतीवर आणखी वाकले, पण काकू बधल्या नाहीत. बुटांवर गेल्या.

"बूट मात्र ऐकच. 12 डिसेंबर 1985, हेसे राज्य. ग्रीन पक्षाचा पहिला मंत्री शपथ घेतोय, तेही पर्यावरणमंत्री म्हणून. सभागृहात सगळे काळ्या सुटात. हा जीन्स, साधा कोट, टाय नाही आणि पायांत पांढरे नाइकीचे बूट. शपथ देणारे मुख्यमंत्री होल्गर बर्नर. जुने बांधकाम मजूर. असल्या लोकांना आम्ही पूर्वी कामावर लाकडाच्या फळीने सरळ करायचो, अशा अर्थाचं बोलून बसलेले. त्याच हातांनी शपथ द्यायची वेळ आली बिचाऱ्यांवर! ते बूट आता ऑफेनबाखच्या चामड्याच्या वस्तूंच्या संग्रहालयाकडे आहेत. अगदी राजेमहाराजांच्या मोजडीचा मान."

"म्हणजे नुसता देखावा."

"तसं नाही गं. साडेचार महिन्यांत चेर्नोबिल झालं. लोक दुधाला घाबरले, भाजीला घाबरले, पोरांना मातीत खेळू देईनात. अशा वेळी पर्यावरणमंत्र्याची काय तारांबळ उडाली असेल! आणि 1987 च्या फेब्रुवारीत हानाउच्या प्लुटोनियम कारखान्यावरून वाजलं, तेव्हा याच बर्नरनी याला घरी पाठवलं. सव्वा वर्षाचं मंत्रिपद. पण लोकांना पटलं, की ही माणसंही फाइलवर सही करू शकतात. 1991 ला पुन्हा त्याच खात्यात येऊन बसला."

कुकरची शिट्टी झाली. काकूंनी ती ऐकलीच नाही.

"मध्ये वजन किती झालं सांगू? 112 किलो. तिसरी बायको सोडून गेली आणि हा पळायला लागला. वाईन बंद, मटण बंद. 75 वर आला. 1998 ला हॅम्बुर्गची मॅरेथॉन पळाला, त्यावर पुस्तकही लिहिलं. पुढे पुन्हा सुटला म्हणा."

"आणि त्याच वर्षी परराष्ट्रमंत्री?"

"हो, आणि पदावर येतो न येतो तोच कोसोवोचं युद्ध. शांततावाद्यांचा पक्ष, आणि त्यांचाच मंत्री म्हणतो, विमानं पाठवा! दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन सैन्य पहिल्यांदा लढाईत उतरलं, ते ग्रीन परराष्ट्रमंत्र्याच्या काळात. 1999 च्या मे महिन्यात बीलेफेल्डला पक्षाचं अधिवेशन भरलं. तिथे कोणीतरी लाल रंगाची पिशवी फेकली, ती बरोबर कानावर बसली. पडदा फाटला. घरचा आहेर म्हणतात तो हा! त्याच रंगाने माखलेल्या कोटात उभा राहून बोलला. युद्ध पुन्हा नको हे मी शिकलो, पण आउश्वित्झ पुन्हा नको हेही शिकलो, असा त्याचा मुद्दा. हल्ले बिनशर्त थांबवा, हा ठराव पडला."

"मला नाही पटत काकू. काल पोलिसाला मारणारा आज बॉम्ब टाकायला सांगतो. संधिसाधूच की."

"थांब. 2003 ला इराकच्या वेळी म्युनिकमध्ये अमेरिकेच्या रम्सफेल्डना यानेच तोंडावर, इंग्रजीत सांगितलं, माफ करा, मला पटलेलं नाही. आणि जर्मनी त्या युद्धात गेली नाही. सगळ्याच युद्धांना होय म्हणणारा असता, तर तुझं ऐकलं असतं."

"आणि अणुभट्ट्यांचं काय? मूळ भांडण तेच ना?"

"2000 साली त्यांच्या सरकारने वीज कंपन्यांशी करार केला, 2002 ला कायदा. राबला पर्यावरणमंत्री ट्रिटिन, पण सरकार टिकवलं याने. मग मर्केलबाईंनी आधी मुदत वाढवली, आणि 2011 ला फुकुशिमा झाल्यावर स्वतःच कापली. शेवटच्या तीन भट्ट्या 15 एप्रिल 2023 ला बंद पडल्या. रस्त्यावरची घोषणा कायद्यात उतरायला एवढी वर्षं लागतात बघ."

"तोवर हे काय करत होते?"

"तिथे मात्र माझंही तोंड बंद होतं," काकूंनी कबूल केलं. "प्रिन्स्टनला शिकवलं, ठीक. मग सल्लागार कंपनी काढली. बीएमडब्ल्यू, सीमेन्स यांना सल्ले. 2009 पासून नाबुको नावाच्या गॅस पाइपलाइनसाठी काम. त्याच्याच सरकारचे माजी चॅन्सेलर श्रोडर रशियाच्या पाइपलाइनकडे, आणि हा रशियाला वळसा घालणाऱ्या पाइपलाइनकडे! ती तर झालीही नाही."

"बघा! म्हटलं नव्हतं मी?"

"ते म्हण हवं तर. पण एक लक्षात घे. आपल्याकडचे पुढारी रातोरात पक्ष बदलतात आणि सकाळी सांगतात, आमचे विचार तेच. याने विचार बदलले, पण पक्ष एकच ठेवला. जे बदललं ते पक्षासमोर उभं राहून सांगितलं, रंग खाल्ला आणि मतदानाला सामोरा गेला. कितीतरी जुने सोबती त्या वेळी पक्ष सोडून गेले. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण सगळेच हात स्वच्छ ठेवून बाहेर बसले असते, तर भट्ट्या कुणी बंद केल्या असत्या?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. दुसरी शिट्टी झाली.

"काकू, खरं सांगा. तुम्ही तिथल्या असता, तर याला मत दिलं असतं?"

"मत डोळे मिटून दिलं असतं," काकू नळाकडे वळत म्हणाल्या. "मुलगी नसती दिली."